सुई बदलते तेव्हां काय बदलतें?

तबकडी वाजत असतां ऐकणाऱ्याचें लक्ष गवयाकडे असतें. सुईकडे कोणी पाहात नाहीं. पण गवयाचा गळा आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्या मधली वाट एके ठिकाणीं फार अरुंद होते, आणि तें ठिकाण म्हणजे सुईचें टोंक. तबकडीच्या खांचेंत जें कांहीं लिहून ठेवलेलें आहे, तें वाचणारें तिच्यावांचून दुसरें कोणी नाहीं. तिनें जें वाचलें तेंच पुढें मोठें होऊन ऐकूं येतें. तिनें जें गाळलें तें कितीहि भारी ॲम्प्लिफायर आणि कितीहि मोठे स्पीकर आणले तरी परत मिळत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतल्या घरांतून माळ्यावर पडलेलीं जुनीं यंत्रें पुन्हा खालीं येऊं लागलीं आहेत. वडिलांनीं किंवा आजोबांनीं जपून ठेवलेल्या तबकड्यांवरची धूळ झटकली जाते, यंत्राचा सैल झालेला पट्टा बदलला जातो, आणि मग प्रश्न येतो तो कार्ट्रिजाचा. ज्या चिमुकल्या पेटींत सुई बसविलेली असते आणि जिच्यांत सुईच्या हालचालीची वीज होते, तें हें कार्ट्रिज. दुकानदार एक नांव सांगतो, मित्र दुसरें सांगतो, मुंबईच्या चोरबाजारांतला विक्रेता तिसरेंच काढून दाखवितो. एकाचा आवाज भरदार, दुसऱ्याचा स्वच्छ पण कोरडा, तिसऱ्याचा गोड, अशीं विशेषणें कानांवर येतात. चार रसिक जमून दोन जुनीं कार्ट्रिजें आळीपाळीनें लावून पाहातात, वाद घालतात, आणि शेवटीं जो तो आपलें मत घेऊन घरीं जातो. हा वाद निराधार नसतो, कारण दोन वेळां ऐकूं आलेला आवाज खरोखरच निराळा असतो. चूक होते ती कारण ठरवितांना. आवाज बदलला तो कार्ट्रिजाच्या जातीमुळेंच बदलला, असें न तपासतां धरून चालतात. आणि पुष्कळदां तो भलत्याच कशामुळें तरी बदललेला असतो.

हें उमजण्यासाठीं सुईचें काम नीट समजून घेतलें पाहिजे. स्टीरिओ तबकडीची खांच म्हणजे नागमोडी जाणारी एक दरी होय. तिच्या दोन भिंती एकमेकींशीं काटकोन करतात. एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज असतो, दुसरीवर उजव्या बाजूचा. ही युक्ति इंग्लंडमध्यें ॲलन ब्लमलाइन या इंजिनीअरानें १९३१ सालींच पेटंटाच्या अर्जांत मांडली होती; बाजारांत स्टीरिओ तबकड्या सर्रास येऊं लागल्या त्या मात्र १९५८ पासून. हिऱ्याचें टोंक या दरींतून धांवतें, भिंतींच्या वळणांप्रमाणें हालतें, आणि तें हालणें एका बारीक काडीच्या द्वारें कार्ट्रिजाच्या पोटांत पोंचतें. तेथें त्याची वीज कोणत्या रीतीनें होते, यावरून कार्ट्रिजांच्या जाति पडल्या आहेत.

सर्वांत स्वस्त रीत स्फटिकाची. कांहीं स्फटिकांना दाब किंवा पीळ दिला कीं त्यांतून वीज निघते, हा गुण क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिला. रोशेल साल्ट नांवाच्या मिठाचा स्फटिक या कामीं फार उपयोगी पडला. अशा कार्ट्रिजांतून वीज इतकी भरपूर मिळे कीं घरांतल्या साध्या रेडिओला जोडूनहि तबकडी वाजवितां येत असे. पण हें मीठ दमट हवेंत पाझरतें, अगदीं कोरड्या हवेंत आपल्यांतलें पाणी सोडून भुगा होतें, आणि ५५ अंश सेंटिग्रेडच्या आसपासच्या उष्णतेंत कायमचें निकामी होतें. कोंकणपट्टीचे पावसाळे सोसलेल्या अशा कार्ट्रिजाच्या आजच्या आवाजावरून तें नवें असतां कसें वाजत होतें हें ठरविणें म्हणजे सादळलेल्या तबल्यावरून तो मढविणाऱ्याची परीक्षा करण्यासारखें आहे. पुढें मिठाच्या जागीं सिरॅमिक आलें आणि दमटपणाची ही पीडा मिटली.

दुसरी रीत हालत्या चुंबकाची. काडीच्या मागच्या टोंकाला चिमुकला चुंबक असतो आणि त्याच्या भोंवतीं तांब्याच्या तारेचीं स्थिर वेटोळीं असतात. चुंबक हालला कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. वेटोळीं स्थिर असल्यामुळें त्यांना तारेचे पुष्कळ फेरे देतां येतात, म्हणून तीन ते पांच मिलिव्होल्ट वीज मिळते. शिवाय सुई काडीसकट ओढून काढून घरच्या घरीं नवी बसवितां येते. अमेरिकेंत शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथील शुअर कंपनीनें या रीतीचें स्टीरिओ कार्ट्रिज १९५८ सालीं काढलें, आणि १९६४ मध्यें व्ही-१५ ही मालिका सुरू केली. तिच्यांतील १९७३ सालचें तिसरें रूप शौकिनांत आजहि नांवाजलेलें आहे. अवघ्या एक ग्रॅमाच्या आसपासच्या भारानें तबकडीवर टेकावें, आणि तरीहि गाण्याच्या जोरदार जागीं खांचेची भिंत सोडूं नये, हें त्याचें ब्रीद होतें.

तिसरी रीत नेमकी उलट. येथें चुंबक स्थिर आणि वेटोळें हालतें. वेटोळें काडीबरोबर हालवावयाचें म्हणजे तें हलकें हवें, म्हणून तारेचे फेरे थोडे, आणि वीजहि थोडी. डेन्मार्कमधील ऑर्टोफोन कंपनीचा उगम १९१८ मधला, बोलपटासाठीं ध्वनि टिपण्याच्या प्रयोगांतला. तिचें एसपीयू हें कार्ट्रिज १९५९ च्या सुमारास आलें. आपल्या हेडशेलसकट तें तीस ग्रॅमांच्या आसपास भरतें आणि चार ग्रॅमांच्या भारानें तबकडीवर टेकतें. त्यांतून मिळणारी वीज मात्र ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास. जपानांत एन्‌एच्‌के या नभोवाणी संस्थेच्या सहकार्यानें डेनॉन कंपनीनें १९६२ मध्यें डीएल-१०३ तयार केलें. भार २.५ ग्रॅम, वीज ०.३ मिलिव्होल्ट, टोंक साधें गोल. नभोवाणीच्या केंद्रावर रोज, अनेकांच्या हातांखालीं, तक्रार न करतां चालावें म्हणून तें घडविलें होतें. साठ वर्षें लोटलीं तरी त्याचें उत्पादन थांबलें नाहीं.

चौथी रीत लोखंडाची. येथें चुंबक आणि वेटोळें दोन्ही जागच्या जागीं राहातात, आणि मधला लोखंडाचा लहानसा तुकडा हालल्यामुळें चुंबकाचा प्रभाव कमीजास्त होतो. इंग्लंडमधील डेक्का कंपनीनें या रीतीचें जें कार्ट्रिज केलें, त्यांत लांब काडीला जवळजवळ फांटाच दिला. सुईच्या वरतींच हालणारें लोखंड ठेवलें, आणि तें मागें ओढून धरण्यास एक दोरा बांधला. काडींत होणारी लवचीक टाळावी हा हेतु. या कार्ट्रिजाच्या रोखठोक आवाजाचे चाहते पुष्कळ, आणि त्याच्या लहरीपणानें हैराण झालेलेहि पुष्कळ. बहुतेक वेळां हीं दोन्ही माणसें एकच असतात.

आतां अशीं दोन कार्ट्रिजें घेऊन तुलना करावयास बसलें, तर काय काय आडवें येतें? पहिली गोष्ट आवाजाच्या मोठेपणाची. एका कार्ट्रिजाची वीज ३.५ मिलिव्होल्ट आणि दुसऱ्याची ५ असेल, तर ॲम्प्लिफायरची कळ जागची न हालवितां दुसरें तीन डेसिबेलनें मोठें वाजेल. १९३३ सालीं अमेरिकेंत फ्लेचर आणि मन्सन यांनीं कानाच्या संवेदनेचीं जीं मापें प्रसिद्ध केलीं, त्यांवरून हें स्पष्ट झालें कीं आवाज लहान असतां कान खर्ज फारच कमी टिपतो, आणि आवाज वाढवितांच खर्ज भरून येतो. म्हणजे जें कार्ट्रिज थोडें मोठें वाजतें तें आपोआप भरदारहि वाटतें. मोठेपणा एक डेसिबेलनेंच वाढला, तर ऐकणाऱ्याला तो मोठेपणा म्हणून जाणवतहि नाहीं. पहिल्यापेक्षां दुसरें अधिक मोकळें, अधिक जिवंत आहे एवढेंच त्याला वाटतें. येथेंच पुष्कळशा तुलनांचा निकाल लागून जातो, आणि लागला हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

दुसरी गोष्ट कार्ट्रिजाच्या पुढच्या तारांची. हालत्या चुंबकाच्या कार्ट्रिजांत तारेचे फेरे पुष्कळ असल्यामुळें त्याचें इंडक्टन्स मोठें असतें. त्या काळच्या कांहीं कार्ट्रिजांत तें अर्ध्या हेन्रीच्या घरांत जातें. त्याला जोडलेल्या केबलला आणि ॲम्प्लिफायरच्या प्रवेशद्वाराला स्वतःची कांहीं धारिता असते. ती पिकोफॅरडमध्यें मोजतात. या दोहोंच्या मेळानें एक अनुनाद होतो आणि त्यावर वरच्या स्वरांचा तोल अवलंबून राहातो. अर्धा हेन्री आणि १५० पिकोफॅरड मिळाले तर तो अनुनाद सेकंदाला सुमारें १८ हजार कंपनांवर बसतो. धारिता ४५० केली कीं तो साडेदहा हजारांच्या आसपास उतरतो. शुअरच्या व्ही-१५ च्या तिसऱ्या रूपाला ४०० ते ५०० पिकोफॅरडचा भार हवा, असें कंपनीनेंच सांगून ठेवलें होतें, आणि त्या हिशेबानेंच त्याचा तोल बसविलेला होता. आजच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांत आणि केबलींत मिळून याच्या निम्मीहि धारिता नसते. मग तेंच कार्ट्रिज एका घरांत समतोल आणि दुसऱ्या घरांत बेताल वाजलें, तर दोष कोणाचा?

हालत्या वेटोळ्याच्या कार्ट्रिजाला धारितेची बाधा जवळजवळ नाहीं. पण त्याची वीज चुंबकवाल्याच्या पंधरा-वीस पटींनीं कमी. ती वाढविण्यासाठीं मध्यें एक ट्रान्सफॉर्मर किंवा जादा ॲम्प्लिफायर घालावा लागतो, आणि त्याचाहि गुणदोष आवाजांत मिसळतो. ऑर्टोफोनचा म्हणून ज्या भरदार आवाजाची वाखाणणी होते, त्यांतला कांहीं वांटा त्या ट्रान्सफॉर्मराचा असूं शकतो.

तिसरी गोष्ट टोन-आर्मची. कार्ट्रिजाची काडी रबराच्या लहानशा गादीवर तोललेली असते. ही गादी म्हणजे एक स्प्रिंग, आणि आर्मचें वजन म्हणजे त्या स्प्रिंगेला टांगलेलें ओझें. दोघांचा मिळून एक मंद झोका ठरलेला असतो. तो सेकंदाला ८ ते १२ च्या दरम्यान असावा हें इष्ट. याहून खालीं गेला, तर तबकडीचा वांकडेपणा आणि घरांतल्या माणसांचीं पावलें त्याला हालवीत राहातात. फार वर गेला तर तो खर्जाच्या स्वरांत येऊन मिसळतो. शुअरची गादी मऊ, म्हणून तिला हलका आर्म हवा. ऑर्टोफोन आणि डेनॉन यांच्या गाद्या ताठ, त्यांना जड आर्म हवा. तेव्हां एकाच आर्मवर दोन्हीं लावून पाहणें हें वरकरणीं न्यायाचें दिसलें तरी वस्तुतः दोहोंपैकीं एकावर अन्याय करणें होय.

चौथी गोष्ट टोंकाच्या आकाराची आणि तबकडीवरील जागेची. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारें ५१ सेंटिमीटर खांच सरकते. आंतल्या शेवटच्या भागांत हीच गति २१ सेंटिमीटरांवर येते. म्हणजे सेकंदाला दहा हजार कंपनांचा एक तरंग बाहेर ५१ मायक्रॉन लांब, तर आंत अवघा २१ मायक्रॉन. तेवढ्यांतच त्याचा चढ आणि उतार दोन्ही. आतां डीएल-१०३ च्या गोल टोंकाची त्रिज्या १६.५ मायक्रॉन आहे. बाहेरच्या कडेला तें आरामांत फिरतें. आंतल्या बाजूस मात्र वळणें त्याच्यापेक्षां लहान होतात आणि तें त्यांच्या तळाशीं पोंचूं शकत नाहीं. लंबगोल टोंकाची बाजूची त्रिज्या पांच मायक्रॉनांच्या आसपास असते. तें आंतल्या वळणांतहि शिरतें. जपानांत नोरिओ शिबाता यांनीं चार दिशांच्या आवाजाच्या तबकड्यांसाठीं जें उभ्या धारेचें टोंक काढलें, तें त्याहून पुढचें. गायिकेच्या तोंडचा 'स' तबकडीच्या आरंभीं स्वच्छ आणि शेवटच्या गाण्यांत फाटलेला ऐकूं येतो, त्याचें एक मोठें कारण हें आहे. एक कार्ट्रिज पहिल्या गाण्यावर आणि दुसरें शेवटच्या गाण्यावर ऐकून निकाल देणाऱ्यानें कार्ट्रिजांची नव्हे, तबकडीच्या दोन भागांचीच तुलना केलेली असते.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि जुन्या वस्तूंच्या शौकिनाला सर्वांत अप्रिय. ती म्हणजे वय. हिरा टिकाऊ खरा, पण तोहि झिजतो. नेटकी बसविलेली सुई साधारणतः पांचशें ते हजार तास काम देते, आणि सेकंडहॅण्ड घेतलेल्या सुईचे किती तास झाले हें कोणालाच माहीत नसतें. न वापरलेलें, डबींत बंद राहिलेलें कार्ट्रिज तरी सुरक्षित असावें? तसेंहि नाहीं. काडीखालचें रबर वापराविना देखील म्हातारें होतें. कोठें तें कडक होतें आणि सुई मोकळेपणीं हालत नाहीं. कोठें तें बसतें आणि काडी एका अंगाला कलते. पन्नास वर्षांपूर्वीं कारखान्यांतून निघालेलीं एकाच नांवाचीं दोन कार्ट्रिजें आज सारखीं वाजतील अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं.

यांतून चुंबकवाल्या कार्ट्रिजाच्या बाबतींत एक चमत्कारिक परिस्थिति उद्भवते. शुअर कंपनीनें २०१८ सालीं तबकडीच्या कार्ट्रिजांचें उत्पादन बंद केलें. तिच्या जुन्या कार्ट्रिजांना लागणाऱ्या सुया जपानांतील जिको आणि इतर कांहीं कारखाने तयार करतात, व त्यांतल्या कित्येक उत्तम असतात. पण सुईबरोबर काय काय बदलतें तें पाहावें: हिऱ्याचा आकार बदलतो, काडी बदलते, रबराची गादी बदलते, आणि काडीच्या मागें बसलेला चुंबकहि बदलतो. जुनें राहातें तें वेटोळें आणि वरचें टोपण. अशा जोडाला १९७३ सालचा आवाज म्हणणें म्हणजे भोपळा, तारा आणि घोडी बदललेल्या तंबोऱ्याला केवळ दांडी जुनी म्हणून आजोबांचा तंबोरा म्हणणें. तंबोरा चांगला असूं शकेल. पण त्याच्यावरून आजोबांच्या तंबोऱ्याविषयीं मत देतां येणार नाहीं.

एवढीं विघ्नें पाहिल्यावर तुलना अशक्यच आहे असें कोणास वाटेल. तसें मात्र नाहीं. ती कष्टाची आहे, इतकेंच. प्रथम दोन्हीं सुया सूक्ष्मदर्शकाखालीं पाहाव्या. टोंकावर सपाट चकाकणारे डाग दिसले कीं त्या सुईची परीक्षा तेथेंच संपवावी. भार अंदाजानें न ठरवितां लहान तराजूनें मोजावा, आणि कार्ट्रिजाचा कोन आंखीव पट्टीवर जुळवून घ्यावा. चुंबकवाल्याला त्याच्या कंपनीनें सांगितलेली धारिता द्यावी. प्रत्येकाला मानवेल असा आर्म द्यावा. चांचणीच्या तबकडीवरील हजार कंपनांचा स्वर वाजवून दोहोंचा मोठेपणा मापकावर समान करून घ्यावा. पाव डेसिबेलचाहि फरक राहूं नये. मग एकाच तबकडीचा एकच भाग, एकदां बाहेरच्या कडेचा आणि एकदां आंतला, दोहोंनीं वाजवावा.

येथें एक अडचण उरते. एक कार्ट्रिज काढून दुसरें बसविण्यास पंधरा-वीस मिनिटें सहज जातात, आणि आवाजाच्या बारकाव्यांची कानाची स्मृति कांहीं सेकंदांपलीकडे नीट टिकत नाहीं. मधल्या वेळांत आठवणीची जागा कल्पना घेते. आणि कल्पनेला किंमत, नांव आणि मित्राचें मत हीं सगळीं आधींच ठाऊक असतात. यावर आजच्या काळीं एक सोपा इलाज उपलब्ध आहे. दोन्हीं कार्ट्रिजांनीं वाजविलेला तोच भाग संगणकावर टिपून घ्यावा, मोठेपणा सारखा करावा, आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे घरांतल्या दुसऱ्या कोणाकडून नांवें लपवून, क्रम उलटसुलट करून ऐकावे. दहापैकीं पांच-सहा वेळां ओळख पटली तर तो नाणेंफेकीचा कौल समजावा. दहापैकीं नऊ किंवा अधिक वेळां अचूक ओळखणें निव्वळ अंदाजानें शंभरांत एखाद्या वेळींच जमतें. तेवढें जमलें तर फरक खरा आहे असें खुशाल म्हणावें.

अशा परीक्षेला पदार्थहि साजेसा हवा. त्या दृष्टीनें आपल्याकडचीं वाद्यें फार उपयोगी आहेत. तंबोऱ्याच्या जवारींतून उपस्वरांची जी दाट गर्दी उठते, ती वाचतांना सुई कोठें अडते हें ताबडतोब कळतें. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' किती आटोपशीर येतो यावरून काडी मारानंतर किती काळ थरथरते याचा अदमास लागतो, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून आर्मचा मेळ बसला कीं नाहीं हें दिसतें. सारंगी किंवा व्हायोलिन वरच्या सप्तकांत गेलें कीं वरच्या स्वरांचा तोल उघडा पडतो. मानवी आवाजाला मात्र पारखण्यास सर्वांत शेवटीं घ्यावें. कारण ओळखीच्या गवयाचा आवाज ऐकतांना कान आपण होऊन उणें भरून काढतो.

इतकें सारें समान केल्यावर मग उरतें काय? अनुभव असा कीं पुष्कळ मोठे वाटलेले फरक विरून जातात, पण सगळे जात नाहींत. गोल आणि अणकुचीदार टोंकांतला फरक तबकडीच्या आंतल्या भागांत स्पष्ट राहातो. मऊ गादीचें कार्ट्रिज जोरदार तानेच्या जागीं जें निर्वेध वाचतें, तेथें ताठ गादीचें हलक्या भारावर धडपडतें. वरच्या स्वरांत एखादें कार्ट्रिज दोन-तीन डेसिबेल चढतें वा उतरतें, आणि तेवढ्यावरून त्याचा आवाज लखलखीत किंवा शांत वाटतो. हे फरक मोजतां येतात आणि त्यांचीं कारणें सांगतां येतात. नांवावरून, देशावरून किंवा रीतीवरून, म्हणजे वेटोळें हालतें म्हणून गोड आणि चुंबक हालतो म्हणून कोरडें, असा सरसकट नियम त्यांतून निघत नाहीं. चांगलें बसविलेलें, ताज्या सुईचें साधें कार्ट्रिज हें थकलेल्या आणि बेमेळ आर्मवर चढविलेल्या नामांकित कार्ट्रिजाहून जवळजवळ नेहमीं सरस ठरतें.

हा सगळा खटाटोप केवळ शौकिनांच्या फावल्या वेळचा असता, तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. पण सुई नुसतें वाचीत नाहीं, ती लिहितेहि. झिजलेल्या हिऱ्याच्या टोंकाला दोन सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या होतात. अशी सुई खांचेच्या भिंतींवरचीं बारीक वळणें खरवडून टाकते. भार एक-दोन ग्रॅमांचाच असला, तरी तो ज्या ठिपक्यावर पडतो तो ठिपका मायक्रॉनांत मोजण्याइतका लहान असल्यामुळें तेथला दाब प्रचंड असतो. तबकडीचें जें नुकसान होतें तें पुढें कितीहि उत्तम कार्ट्रिज आणलें तरी भरून येत नाहीं. आवाज कांहींसा गढूळ झाला, 'स' फाटूं लागला, म्हणून 'जुनी तबकडी अशीच वाजायची' असें म्हणून ती तशीच वाजवीत राहणें ही त्या तबकडीची हळूहळू केलेली हत्याच होय.

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांची खांच रुंद, तिला सुमारें ७५ मायक्रॉन त्रिज्येचें टोंक लागतें. एल्‌पी तबकडीची १८ मायक्रॉनांची सुई तिच्यांत घातली, तर ती भिंतींवर न टेकतां तळाला जाऊन पडते, आणि तेथला कचरा उकरीत खरखर वाचते. ऐकणारा म्हणतो तबकडी गेली. वस्तुतः भिंतींवरचें गाणें शाबूत असतें, वाचणाराच भलत्या जागीं बसलेला असतो. शिवाय वरखालचे स्वर कोरतांना कमीअधिक करण्याचें जें एकच प्रमाण अमेरिकेंतील रेकॉर्ड कंपन्यांच्या संघानें १९५४ सालीं ठरविलें, तें या आधींच्या तबकड्यांना लागूच नव्हतें. त्या आजच्या ॲम्प्लिफायरवर अंधुक किंवा कर्कश वाजल्या, तर कार्ट्रिजाला दोष देण्यापूर्वीं हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

आज पुष्कळ कुटुंबें अशा तबकड्या एकदांच वाजवून संगणकावर उतरवून घेतात आणि मूळ तबकड्या रद्दीवाल्याला देऊन टाकतात. उतरवून घेतलेल्या प्रतींत गाण्याबरोबर त्या दिवशींच्या सुईचा गुणदोषहि कायमचा उतरतो. तिनें जें वाचलें नाहीं तें पुढच्या पिढीसाठीं नाहींसेंच झालें. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या सुरांची लांबण आज ज्यांनीं ऐकली ती तबकड्यांवरूनच ऐकली. त्यांच्यासारख्या थोरांच्या तबकड्यांच्या प्रति अनेक ठिकाणीं जतन झाल्या आहेत. परंतु ज्यांची एखादीच तबकडी निघाली आणि जी पुन्हा कधीं छापली गेली नाहीं, असे गवई, कीर्तनकार आणि नट कितीतरी होऊन गेले. त्यांची ती एक तबकडी कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते.

म्हणून जुन्या कार्ट्रिजांच्या आवाजाची तुलना करतांना पहिला प्रश्न 'गोड कोणतें' हा नसावा. 'खांचेंत आहे तें अधिक कोण वाचतें, आणि वाचतांना तिला इजा कोण करीत नाहीं' हा असावा. या कसोटीला जें उतरेल तें डॅनिश असो, जपानी असो, कीं कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळालेलें बिननांवाचें असो, घरांत ठेवण्याजोगें आहे. गोडी तबकडींत असेल तर ती आपोआप ऐकूं येईल. ती गवयानें आधींच तेथें ठेवलेली आहे.